बेचाळिसावी पायरी

खुर्ची माझी नव्हे, वाचनालयाची,
एका पायाखाली पुठ्ठा घातलेली.
तिच्यावर मला बसवलं ते एवढ्यासाठी
की माझ्या घरी कोकणी बोलतात,
आणि खानापूरच्या पोस्टात तेहतीस वर्षं
मी दोन्ही लिप्यांतले पत्ते वाचले.
लिपी बघून एकही पत्र परत पाठवलं नाही.

फिलोमिनाबाई, निकाल तुम्ही द्या, म्हणाले.
निकाल नाही, म्हटलं. मी ऐकणार.
ऐकण्याचे कायदे तेवढे माझे.

वैजनाथ बिर्जे, माझ्याकडे बघून बोला.
मुरगोड मास्तरांकडे बघितलंत की तुम्हाला
डांबर फासलेला बोर्ड आठवतो,
आणि त्यांना त्यांच्या भावाचं फुटलेलं दुकान.
दोन्ही खरं असेल.
आज टेबलावर फक्त एक बाव आहे,
पाणवठ्यांच्या वहीत, सत्ताविसाव्या पानावर.
गावानं मिळून लिहायची वही ही,
ज्याला जे ठाऊक त्यानं ते लिहायचं.
चार महिन्यांत तुम्ही दोघांनी
एकच ओळ इतक्यांदा खोडलीत
की कागदाला भोक पडलं
आणि त्यातून अठ्ठाविसावं पान दिसूलंय.

जोत्याची बाव.
जोतेव्वन बावी.
आमच्यात तिला बांय म्हणतात, मी काही बोलले का?

बोलणं संपेपर्यंत वही माझ्या पिशवीत.
रात्री येऊन गुपचूप एक काना वाढवायचा नाही.
बोलायचं ते इनलँड लेटरएवढं,
घडी घालून चिकटवता आलं पाहिजे.
मास्तर, तुम्ही कन्नडात बोला.
बिर्जे, तुम्हाला कळतंय की,
मिरचीचा भाव करताना बरं कळतं.
आजा सांगायचा म्हणता? लिहू.
खरं आज्याचं नाव लिहायचं, आणि ते
त्यानं कुणाकडून ऐकलं तेही.
‘तुमचे लोक’ हा शब्द बाहेर, चपलांपाशी.
हात वर करून नाव ठरवायचं नाही.
कुठल्या गल्लीत लग्न आहे
त्यावर हात कमीजास्त होतात.

पहिल्या संध्याकाळी बिर्जे दोनदा उठले, दोनदा बसले.
मास्तर चष्मा पुसत राहिले, काचा झिजतील इतका.
दुसऱ्या संध्याकाळी दोघांचंही झालं,
मी टिपण वाचायला घेतलं, तेवढ्यात
दारातून यल्लव्वा वड्डर म्हणाली,
हातात केरसुणी तशीच:
‘नाव कुणाचं बी लिवा बाई.
खणली आमी.’

कुणी काही बोललं नाही.
खाली कौलांचा ट्रॅक्टर गेला, खिडकी हलली.
‘माझ्या सासऱ्याचा आजा. बेचाळीस पायऱ्या.
शेवटलीवर त्याच्या छिन्नीची खूण हाय.’

मी टिपण मिटलं.
एवढे कायदे केले मी,
कोण आधी, कोण नंतर, किती वेळ,
खरं खुर्च्या दोनच मांडल्या होत्या.
तिसरी आणायला मी स्वतः उठले.
ती बसली नाही. म्हणाली, केर राहिलाय.

सकाळी आम्ही चौघं बावीवर.
बिर्जे मोजत उतरले मराठीत,
मास्तर मोजत उतरले कन्नडात,
एक्केचाळीस.
पुढं हिरवं पाणी, त्यात बेडकाचा एक डोळा.
यल्लव्वा वरूनच म्हणाली, एप्रिलात दिसंल.

तर एप्रिलपर्यंत पान उघडं आहे.
नावाच्या जागी मी पेन्सिलीनं रेघ ओढली,
दोन्ही नावं मावतील एवढी,
आणि आणखी थोडी, पुढं.

परतीच्या वाटेवर मागून आवाज:
काठावरचा सपाट दगड, त्याला पायरी धरायचं का?
मास्तर म्हणतात धरायचं,
बिर्जे म्हणतात काय बोलूलाय तुम्ही, तो उंबरा.
एकमेकांकडे बघून भांडत होते.
माझा पहिलाच कायदा मोडला होता.
मी चालत राहिले, जरा हळू,
ऐकू येईल एवढी.